रविशंकरांचा चार सीडींचा संच, बाबांची जोगची कॅसेट आणि दीड मिनिटाचा घोळ

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. सतारीवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, निमित्त गेल्या महिन्यात मिळालं. मावसभाऊ पुण्यातलं घर बदलत होता, सामान आवरताना त्याला रविशंकरांचा 'इन सेलिब्रेशन' हा चार सीडींचा संच सापडला आणि "तुझ्याकडे अजून सीडी प्लेअर आहे ना, मग तूच ने" म्हणून त्याने तो माझ्या हातात ठेवला. १९९६ साली आलेला संच आहे, पंडितजींच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने काढलेला, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनचा त्यात मोठा हात होता. चार सीडींना चार विषय दिलेत: पहिली शास्त्रीय सतार, दुसरी वाद्यवृंद, तिसरी पूर्व-पश्चिम एकत्र आणि चौथी गायन आणि प्रयोग.

तीन आठवडे रोज रात्री ऐकतोय आणि आता माझं ठाम मत झालंय की हा संच ज्या क्रमाने लावलाय त्या क्रमाने ऐकू नये, सालवार ऐकावा. विषयवार ऐकलं की या माणसाने केवढं आणि किती तऱ्हेचं काम केलं ते कळतं, आणि ते अफाट आहेच, दिल्ली आकाशवाणीवरच्या वाद्यवृंदापासून मेन्युहिनच्या व्हायोलिनपर्यंत सगळं. पण सतार कशी बदलत गेली ते त्यात हरवतं. मी सगळ्याची सालवार यादी केली, मध्ये मध्ये माझ्याकडच्या जुन्या रेकॉर्ड्स घातल्या आणि मग जे ऐकू आलं ते वेळेबद्दलचं होतं. म्हणजे वादकाला मिळालेल्या वेळेबद्दलचं.

बघा ना, ७८ च्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात आलाप म्हणजे राग ओळखू येण्यापुरते चार स्वर, की लगेच द्रुत गत, म्हणजे तबल्याबरोबरची जलद बंदिश, की शेवटचा वेगवान 'झाला', संपलं. सतारिये विलायत खाँसाहेबांनी पहिली तबकडी भरली तेव्हा ते आठेक वर्षांचे होते असं सांगतात, आणि त्यांचे वडील इनायत खाँ यांच्या तबकड्या ऐकल्या तर तीन मिनिटांत अख्खा राग बसवणं ही स्वतंत्र विद्या होती हे कळतं. मग एलपी आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं, आणि आलापाला बसायला जागा मिळाली. १९५५ साली अली अकबर खाँसाहेबांनी अमेरिकेत सरोदची एलपी केली, सोबत चतुरलाल, आणि पुढच्या वर्षी रविशंकरांनी लंडनमध्ये 'थ्री रागाज' भरली, तबल्यावर पुन्हा चतुरलालच. एक अख्खी बाजू जोग, दुसऱ्या बाजूला अहीर भैरव आणि सिंहेंद्र मध्यमम्. जोग साधारण २८ मिनिटं आहे. त्या काळी २८ मिनिटं सलग एक राग घरात बसून ऐकणं ही किती मोठी गोष्ट असेल.

जोगचं मुद्दाम सांगतोय कारण आमच्या घरात तो राग बाबांचा. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, सांगलीला बँकेत होते, सतार हौसेने शिकले, अजूनही रोज तासभर बसतात. १९८१-८२ च्या सुमारास ऑफिसातल्या एका मित्राकडे ही एलपी होती, ती बाबांनी कॅसेटवर भरून घेतली आणि त्यावरूनच जोग घोटला. त्यातलं वर जाताना शुद्ध गंधार आणि उतरताना ग म करून कोमल गंधाराला टेकून सा ला येणं, ते बाबा वाजवतात तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहते, लहानपणापासून बघतोय.

तर मागच्या रविवारी मी बाबांना फोनवरून स्पीकर जोडून तोच जोग लावून दिला, स्वच्छ केलेली आवृत्ती. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा नव्हे." मी म्हटलं बाबा हाच आहे, एकच रेकॉर्डिंग आहे. ते म्हणाले, "हे मंद आहे, सूर खाली आहे, आपला जोग असा नाही." वयामुळे असेल म्हणावं तर कान एकदम तयार आहे त्यांचा. कोणाला काही कळतंय का?

तारषड्ज

छान लिहिलंय दादा. सालवार ऐकायची कल्पना पटली, पण एक सांगू का, 'आलापाला बसायला जागा मिळाली' हे एलपीला पूर्ण लागू नाही. एलपीवर सुद्धा कापाकापी असायचीच, मैफिलीत तासभर आलाप-जोड-झाला करणारा माणूस बाजू संपायच्या आत गत आटोपतो. सतारिये निखिल बॅनर्जी यांचं उदाहरण घ्या. त्यांना स्टुडिओ मानवायचाच नाही, हयातीत मोजकं रेकॉर्डिंग झालं, १९८६ ला वयाच्या ५४ व्या वर्षी गेले, आणि आपण आज ज्या लांबलचक मैफिली ऐकतो त्यातल्या बऱ्याचशा त्यांच्यामागे टेपांवरून बाहेर आल्या. एकच राग सीडीभर. ते ऐकल्यावर स्टुडिओतली बाजू म्हणजे पाकिटावरचा पत्ता आणि मैफल म्हणजे आतलं पत्र असं वाटायला लागतं. म्हणून 'समग्र' किंवा 'सिंहावलोकन' म्हणून जे संच काढतात त्यात निदान एक तरी आलाप न कापता असलाच पाहिजे, यावर मी भांडायला तयार आहे.

अभोगी२०

माझा अनुभव उलट आहे हो. मी नोकरीमुळे टोरांटोला असते, मुलं इथेच वाढली, त्यांना तासाभराच्या आलापापुढे बसवणं शक्य नव्हतं. त्यांना सतार आवडायला लागली ती छोट्या तुकड्यांनी. १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेशसाठीच्या कॉन्सर्टमधली 'बांगला धून', रविशंकर, अली अकबर, तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती, ते सतार-सरोदचं सवालजवाब मुलाने शंभर वेळा ऐकलंय. आता तो १९ वर्षांचा आहे आणि स्वतःहून मारवा राग लावून बसतो. त्यामुळे तिसरी सीडी, चौथी सीडी यांना कमी लेखू नका, बऱ्याच जणांचं दार तिथूनच उघडलंय.

मंद्रसप्तक

ताई कमी लेखत नाहीये, खरंच. मारवा आवडणारा १९ वर्षांचा मुलगा म्हणजे तुम्ही खूप काही बरोबर केलंय.

सतारमेकर_गल्ली

मी मिरजेचा. आमच्याकडे सतारी बनवतात, म्हणजे गल्लीत, माझं स्वतःचं दुकान नाही पण मामाच्या हाताखाली बरीच वर्षं काढलीत. मिरजेत हा धंदा दीडशे वर्षांहून जुना, फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झाला, हत्यारं बनवणारे हात वाद्यांकडे वळले. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल.

सालवार ऐकण्यात अजून एक गोष्ट सापडेल ती सांगतो, जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा घासून घडवलेला माथा. रविशंकरांची सतार नोदू मलिक यांनी बनवलेली, कलकत्त्याचे, पंडितजींबरोबर दौऱ्यावर सुद्धा असायचे. त्या सतारीची जवारी खुली, तार छेडली की आवाज फुलत जातो, झणकार जास्त. विलायत खाँसाहेबांकडे बंद जवारी, आवाज गोल, गळ्यासारखा, कारण त्यांना गाणं वाजवायचं होतं. आणि तारांचा हिशोब पण वेगळा, रविशंकरांकडे खर्जाच्या जाड तारा, सुरबहारासारखं, म्हणजे खालच्या सुरातल्या मोठ्या सतारीसारखं, खाली उतरता येतं, खाँसाहेबांनी खर्ज काढून टाकला आणि गंधाराची तार बसवली. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारतात, खर्ज-पंचम पाहिजे का गंधार-पंचम? डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं तर कोणाचा बाज आहे हे राग कळायच्या आधी कळतं.

आता तुमच्या बाबांचं. एक विचारतो, राग मानू नका. त्यांची बाजाची तार, म्हणजे वाजवायची मुख्य तार, वरचेवर तुटायची का?

मंद्रसप्तक

हो!! तुम्हाला कसं कळलं? लहानपणी महिन्यातून एक-दोनदा तरी. बाबा म्हणायचे तार हलकी येते हल्ली. तीन नंबरची तार ते रिळानेच आणून ठेवायचे. मला एकदा गालावर लागलीये, अजून आठवतंय.

सतारमेकर_गल्ली

मग माझा अंदाज बरोबर असणार. ते सतार वर लावत असणार, नेहमीच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर तरी वर. मामाकडे असे दोन-तीन जण यायचे, रेकॉर्डबरोबर सूर मिळवायचा म्हणून ताण वाढवायचे. तार तर तुटतेच, घोडीवर दाब येतो, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, बसायला लागते. कॅसेटची पट्टी बघा एकदा.

टेपहेड

यात मी मदत करू शकतो, जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवायचं काम करतो गेली काही वर्षं, आधी स्वतःसाठी, आता मित्रांसाठी. दादा तीन गोष्टी करा.

बाबांची कॅसेट पहिल्यापासून लावा आणि जोग किती मिनिटांत संपतो ते घड्याळ लावून बघा. मग बाजाच्या पेटीवर कॅसेटचा षड्ज कुठे येतो आणि फोनवरच्या आवृत्तीचा कुठे येतो ते बघा. आणि त्याच कॅसेट प्लेअरवर एखादी दुकानातून विकत घेतलेली कॅसेट लावा, तिची पट्टी बरोबर आहे का बघा. तिसरी गोष्ट विसरू नका, नाहीतर दोष टेपचा का प्लेअरचा ते कळणार नाही.

तारषड्ज

तोवर माझं एक गाऱ्हाणं ऐका, टेपचा विषय निघालाच आहे तर. आमच्या काकांच्या खाजगी मैफिलींच्या अकरा स्पूल टेपा होत्या, त्या एका ठिकाणी 'साफ करून' देतो म्हणाले म्हणून दिल्या. आल्या त्या इतक्या साफ की खरखर गेली आणि तिच्याबरोबर तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या खालच्या तारा, पण गेल्या. वरची सतार वाजते आणि खाली काहीच नाही, कोरड्या लाकडावर वाजवल्यासारखं. वाईट म्हणजे त्यांनी मूळ टेपा टाकून दिल्या होत्या.

टेपहेड

हे फार होतं आणि ऐकून वाईट वाटलं. कारण सांगतो. टेपची खरखर सतत चालू असते, बारीक आवाजाची आणि वरच्या पट्टीतली. तरफांची आस, म्हणजे स्वर संपल्यावर मागे जी रेंगाळते ती, ती सुद्धा बारीक आवाजाची आणि बरीचशी तिथेच. मशीनला दोन्ही सारखंच दिसतं, ते दोन्ही पुसतं. गाण्याच्या रेकॉर्डिंगला एवढं कळत नाही, पण सतारीला लगेच कळतं कारण सतारीचा निम्मा आवाज न छेडलेल्या तारांचा असतो. म्हणून माझा नियम, खरखर असू द्यावी. दोन मिनिटांनी कान ती विसरतो, गेलेली तरफ मात्र परत येत नाही. आणि मूळ टेप कधी, कधीही टाकू नका.

सिंहावलोकनाचे संच विकत घेताना पण मी हेच बघतो. किती राग आहेत यापेक्षा आलाप संपतो तिथे तरफ ऐकू येते का, आणि साल, जागा, तबल्यावर कोण, तंबोऱ्यावर कोण हे छापलंय का. ऑनलाइन ऐकताना हे सगळं गायब असतं, नुसतं 'राग जोग' आणि एक फोटो. चतुरलाल १९६५ ला गेले, चाळिशीच्या आसपास, त्यांचं नाव जर खाली नसेल तर नव्या माणसाला कसं कळणार की तो तबला कोणाचा होता?

खमाजी

मी जरा वेगळं मांडते. आपण सगळे जो संच निघाला त्याबद्दल बोलतोय, मला जो निघूच शकत नाही त्याची हुरहूर आहे. अन्नपूर्णादेवी. रविशंकरांचे मैहरचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी, सुरबहार, मैहरची तालीम, आणि १९४१ साली लग्न होऊन रविशंकरांच्या पत्नी झाल्या. मुंबईत ब्रीच कँडीला राहायच्या, बाहेर वाजवणं सोडून कित्येक दशकं झाली होती, पण तिथे बसून शिष्य तयार केले, निखिलदांना पण त्यांनीच पुढे शिकवलं. २०१८ ला गेल्या. त्यांची स्वतःची बाजारात आलेली रेकॉर्ड नाही म्हणावं अशी स्थिती. जे फिरतं ते खाजगी, मांझ खमाज, कौशी, आणि दोघांचा एकत्र यमन कल्याण, तोही खराब आवाजात.

मी तो मांझ खमाज रात्री दिवा घालवून ऐकते. सुरबहारच्या एका मींडेत ती बाई चार-पाच स्वर ओढत नेते आणि मध्ये तंबोऱ्याशिवाय काही नाही, मी श्वास धरून बसते. आवाज इतका लांबून येतो की शेजारच्या खोलीत कोणीतरी वाजवतंय असं वाटतं. त्यावर कोणी 'स्वच्छता' केली नाही हे आता टेपहेड यांचं वाचून फार बरं वाटतंय.

रविशंकरांच्या चार सीडी ऐकताना मला दर वेळी हे आठवतं, की मैहरच्या त्याच घरात त्याच काळात अजून एक हात तयार झाला होता. सालवार यादी करताना मंद्रसप्तक, मध्ये तो एक मांझ खमाज घाला. माझी विनंती समजा.

मंद्रसप्तक

घातला. काल रात्रीच. १९५६ च्या जोगनंतर लगेच ठेवला आणि खमाजी, तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं आहे, त्यानंतर मला दुसरं काही लावता आलं नाही.

आता कॅसेटचा निकाल. सगळं केलं. फोनवर जोग २८ मिनिटांच्या थोडा वर. बाबांच्या कॅसेटवर तोच जोग २६ मिनिटं ४० सेकंद, दोनदा मोजलं. म्हणजे दीड मिनिटाचा फरक, जास्तच. पेटीवर कॅसेटचा षड्ज फोनवरच्यापेक्षा बरोबर एक पट्टी, म्हणजे अर्धा सूर वर. आणि आईची विकतची भावगीतांची कॅसेट त्याच प्लेअरवर अगदी ठीक वाजते.

टेपहेड

म्हणजे तुमचा प्लेअर चांगला आहे. दोष भरताना झालाय. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचा पट्टा सैल झालेला असणार किंवा मोटर दमलेली, टेप हळू सरकत होती. हळू सरकणाऱ्या टेपवर भरलेलं नीट सरकणाऱ्या प्लेअरवर लावलं की जलद वाजतं आणि सूर वर जातो. अर्धा सूर म्हणजे साधारण सहा टक्के, २८ मिनिटांना सहा टक्के काढा, दीड-पावणेदोन मिनिटं येतात. तुमचं मोजमाप त्यात बसतंय.

म्हणजे बाबा बरोबर बोलले. त्यांनी चाळीस वर्षं जो जोग ऐकला तो खरंच जलद होता आणि वर होता.

सतारमेकर_गल्ली

आणि त्याच्याशी मिळवायला सतार वर चढवली आणि तार तुटत राहिली. तारेला उगाच नावं ठेवली म्हणायची. दादा आता एक करा, सतार एकदम खाली आणू नका, आधी बाजाची तार, मग जोडी, मग खर्ज, आणि तरफा सगळ्यात शेवटी, एकेक. खुंट्या इतकी वर्षं एका जागी बसल्यात, खडूची पूड लावून हलक्या हाताने फिरवा. दोन-तीन दिवस सतार सूर सोडत राहील, घाबरू नका. मग एकदा मिरजेला घेऊन या, जवारी बघून घेऊ, एवढ्या वर्षांत ताणाने घोडीवर खाचा पडल्या असतील. पडदे पण थोडे हलवावे लागतील.

अभोगी२०

मी इथे रात्री दीड वाजता हे वाचत बसलेय आणि मुलाला उठवून सांगावंसं वाटतंय. मंद्रसप्तक, बाबांना कसं सांगितलंत?

मंद्रसप्तक

ताई मला भीतीच वाटत होती. एवढी वर्षं ज्या सुरावर बसले तो चुकून वर होता हे कसं सांगायचं. शेवटी काहीच प्रस्तावना न करता घड्याळ आणि पेटी घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि दोन्ही लावून दाखवलं. बाबांनी पूर्ण ऐकलं. पेटीवर स्वतः बोट ठेवून बघितलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग म्हणाले, "कुलकर्ण्यांच्या डेकचा पट्टा सैल होता. तो म्हणालाही होता मला तेव्हा." एवढंच. मग आत गेले आणि सतार घेऊन आले.

दीड तास लागला. मी नुसता बसलो होतो, मला हात लावू दिला नाही. बाजाची तार उतरवली, जोडी उतरवली, मग खर्ज, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने, त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती. तरफा लावताना प्रत्येक तार करंगळीच्या नखाने छेडायची, कान लाकडाला टेकवायचा, खुंटी केसभर फिरवायची, परत छेडायची. तेरा तरफा आहेत. अकरावीला त्यांचा हात थरथरायला लागला म्हणून थांबले, आईने चहा आणला, तो पिऊन परत बसले.

मग मला म्हणाले आता लाव तुझा फोन. १९५६ चा जोग लावला. आलाप सुरू झाला, बाबा वाजवत नव्हते, सतार मांडीवर नुसती धरून होते, आणि रविशंकर मंद्रात सा ला आले तेव्हा बाबांच्या सतारीच्या तरफा आपोआप वाजल्या. स्पीकरच्या आवाजाने. कोणी हात लावलेला नव्हता. आई दारात उभी होती, तिला पण ऐकू आलं.

शुक्रवारी मिरजेला येतोय, सकाळची गाडी आहे. बाबा पण येतायत.

सतारमेकर_गल्ली

या या. स्टेशनवर उतरलात की फोन करा, नंबर निरोपात पाठवलाय. सतारीची पेटी कडक असेल तर ठीक, नाहीतर भोपळ्याला चादर गुंडाळा, गाडीत गर्दी असते.